खंडोबाचा किडा म्हातारा होतो तेव्हा



पालघरच्या वाड्यांत,
बोईसर-तारापूरच्या वसाहतींत,
पावसाळा सरता सरता
दिव्यापाशी खंडोबाचा किडा येतो.
पुढचे पाय जोडून बसणारा, तोच प्रार्थना कीटक.
काही मुलं तो हौसेनं पाळतात.

पंख पूर्ण फुटले,
की तो कात टाकत नाही.
म्हणून झिजलेलं अंग पुन्हा भरून येत नाही.
पुढं आयुष्य उरतं ते काही महिन्यांचंच.

म्हातारपण आधी पायांत दिसतं.
पावलांची टोकं झिजतात.
पकड सुटते.
किडा पिंजऱ्याच्या जाळीवरून घसरतो.
मग भक्ष्यावरचा नेम चुकतो.
भूक मंदावते.
डोळ्यांवर काळपट डाग पडतात.

पण एक लक्षात ठेवा.
रात्री डोळे काळे होणं, हे म्हातारपण नव्हे.
उजेडात ते पुन्हा पूर्वीसारखे होतात.
डाग मात्र दिवसाही राहतात.

आणि पंख न फुटलेल्या पिल्लानं खाणं सोडलं,
तर ते बहुधा कात टाकणार असतं.
त्याला हात लावू नका.

म्हाताऱ्या किड्यासाठी फांदी खाली ठेवा.
पाण्याचे थेंब शिंपडा.
मऊ, लहान किडा चिमट्यानं तोंडाशी धरा.
झिजलेलं अंग भरून येत नाही,
तेव्हा त्याला पडू देऊ नका.