आपण प्रार्थना करण्यास शिकलो काय?
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी मंदिराच्या भिंतींचे, घंटेचे व बांधकामास लागलेल्या श्रमांचे वर्णन करण्याचा प्रघात आहे व तो योग्यच होय. परंतु ज्या कार्यासाठी ह्या भिंती उभारल्या, ते कार्य आपणांस कितपत साधले? आपण प्रार्थना करण्यास शिकलो काय?

कोणी म्हणेल, प्रभूची प्रार्थना व नमो मारिया तर आम्हांस बाळपणापासून मुखोद्गत आहेत. खरे आहे. तथापि संत लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभूच्या शिष्यांनीच ही विद्या शिकविण्याची त्यास विनंती केली आहे. ते शिष्य यहुदी घरांत वाढलेले. स्तोत्रे त्यांच्या कानांवरून नित्य गेलेली. तरी प्रभूस प्रार्थना करताना पाहून आपणांस अजून शिकावयाचे आहे, असे त्यांस वाटले. तात्पर्य, प्रार्थना पाठ असणे व प्रार्थना येणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत.

ह्यात पाठांतराची निंदा नाही. आपल्या भाषेतील शब्द प्रथम जिभेवर बसले म्हणजेच ते पुढे हृदयात उतरतात. हे जाणूनच फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, प्रसिद्ध झाली.

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातही जर्मन जेज्वीट धर्मगुरूंनी हाच मार्ग धरला. राहुरी तालुक्यातील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग ह्यांनी १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले व अनेकांना मायदेशी धाडिले. शिकविणारे गेले, परंतु शिकविलेली प्रार्थना कोणत्याही सरकारास नेता आली नाही. जे मनुष्याच्या अंतरी रुजले, तेवढेच त्याचे खरे धन.

मग ती अंतरी रुजावी कशी? प्रभूने दिलेल्या प्रार्थनेकडेच पाहू. तीत सात मागण्या आहेत. पहिल्या तीन देवाच्या नामासाठी, राज्यासाठी व इच्छेसाठी. मागील चार आपल्या गरजांसाठी. आपण बहुधा हा क्रम उलटा करितो. दुखणे, कर्ज, मुलीचे लग्न ह्यांनीच आरंभ करितो, आणि देवाच्या इच्छेचे नाव शेवटी, तेही भीत भीत, घेतो. गरजा सांगू नयेत असे नव्हे. परंतु लेकरू आधी बापास हाक मारते व मग भाकर मागते.

भाकरीचे मोल आपल्या जिल्ह्यास कोणी सांगावयास नको. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरलेल्यांच्या आठवणी अनेक घरांत अद्याप सांगितल्या जातात. परंतु लक्षात घ्या, प्रभूने 'माझी' भाकर मागण्यास शिकविलेले नाही, 'आमची' मागण्यास शिकविले आहे. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याने ही मागणी उच्चारली की शेजाऱ्याची रिकामी घागर त्याच्या प्रार्थनेत आलीच.

पाचवी मागणी सर्वांत कठीण. आपण क्षमा करितो तशी आपणांस क्षमा व्हावी, असे आपण नित्य म्हणतो. दोघे सख्खे भाऊ बांधाच्या हातभर जमिनीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, आणि रविवारी एकाच मंदिरात, एकाच सुरात हे शब्द म्हणतात! असे करणारा स्वतःविरुद्धच अर्ज लिहून देतो. क्षमा एका दिवसात साधत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून ज्याचे मन अजून वळत नाही, त्याने निदान त्या भावाचे नाव घेऊन देवापुढे उभे राहावे व 'हे मन वळीव' एवढेच मागावे. ही देखील खरी प्रार्थना होय.

आम्हांस वेळ कोठे, असे उसाच्या फडात व कारखान्यात राबणारे विचारतील. त्यांच्यासाठी एक जुनी वाट आहे. १८४४ साली फ्रान्समधील व्हाल्स येथे जेज्वीट विद्यार्थ्यांत एक प्रार्थनासंघ निर्माण झाला. सकाळी उठताच त्या दिवसाचे काम, सुख व दुःख देवास अर्पण करावे, ही त्याची शिकवण. असे अर्पण केले म्हणजे कोयत्याचा घाव व चुलीवरची भाकरी हीही प्रार्थनाच होते.

आमची सूचना साधी आहे. मागण्या सात व वारही सात. रविवारपासून रोज एक मागणी घ्यावी. रात्रीच्या जेवणापूर्वी सर्व कुटुंबाने ती सावकाश म्हणावी, क्षणभर स्तब्ध राहावे, आणि त्या मागणीपायी उद्या आपण काय करणार हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. लेकरांना अर्थ विचारू द्यावा. उत्तर न सुचल्यास वडिलांनी लाजू नये. शिष्यांनीही विचारूनच शिकून घेतले.

१९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मिस्साविधीही आपणांस मायबोलीत लाभला. शब्द कळत नाहीत, ही सबब आता उरली नाही. ह्या महोत्सवात दिवे पुष्कळ लागतील व ते विझतीलही. परंतु एका घरात जरी दोन अबोल भाऊ एकत्र गुडघे टेकून ती पाचवी मागणी मनापासून म्हणतील, तरी हा महोत्सव सफळ झाला असे आम्ही समजू. ती कृपा देव आपणां सर्वांस देवो.