गिअरपेटी आणि चालकाचा पाय



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संत, इतिहास, राज्यकारभार यांविषयी ऐकण्याची आपणांस सवय आहे. मोटारीची गिअरपेटी हा विषय येथे जरा तेलकट वाटेल. परंतु ज्या गावची केळी ट्रकांत बसून उत्तर हिंदुस्थानापर्यंत जातात, आणि ज्याच्या दारावरून तुळजापूर-नागपूर महामार्ग जातो, त्या गावी डिझेलचा प्रश्न घरच्या चुलीइतकाच जवळचा आहे. आपला देश त्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंच्याऐंशीहून अधिक भाग परदेशांतून आणतो. केळीचा भाव एक जण ठरवतो, डिझेलचा भाव दुसरा. गाडीवाल्याच्या हाती उरते ते एवढेच, की एका लिटरात किती वाट कापायची.

जुनी जीप किंवा जुनी मोटार बाळगणाऱ्यांच्या मनात म्हणूनच एक प्रश्न वारंवार येतो. जुनी गिअरपेटी काढून पाच गिअरची बसवली, तर ॲव्हरेज वाढेल काय? या प्रश्नाचा आपण शांतपणे हिशेब करू.

गिअरपेटी स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचे प्रमाण बदलणे, हेच तिचे काम. चढावर इंजिनाने पुष्कळ फिरावे आणि चाकाने थोडे; सपाटीवर याच्या उलट. विलीज जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना पुढे जाण्याचे तीनच गिअर होते. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून नावारूपास आलेल्या फियाटला चार होते. या दोहोंत शेवटचा गिअर सरळ असे; म्हणजे पेटीत शिरलेला एक फेरा एकच होऊन बाहेर पडे. यातून एक गोष्ट ध्यानात येते. तीनाच्या जागी चार गिअर आले, तरी वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी होत नाहीत. मधल्या पायऱ्या तेवढ्या जवळ येतात. इंजिनाला खरा विसावा मिळतो तो पाचव्यात, कारण त्यात बहुधा चाकाकडचा दांडा इंजिनापेक्षाही अधिक फिरतो.

आकडे घेऊन पाहू. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर एका किलोमीटरात चाक ५०० वेळा फिरते. डिफरन्शियलचे प्रमाण ४ धरले, तर सरळ गिअरमध्ये इंजिनाचे २,००० फेरे होतात. पाचव्याचे प्रमाण ०.८ असेल, तर १,६०० होतात. दर किलोमीटरला ४०० फेरे वाचले. परंतु तोच मनुष्य दीड प्रमाणाच्या तिसऱ्यातच गाडी रेटीत राहिला, तर फेरे ३,००० होतात. नव्या पेटीने चारशे वाचवले आणि जुन्या सवयीने हजार उधळले, असा हा मामला आहे.

शिवाय फेरे कमी झाले म्हणजे तितकेच इंधन वाचले, असेही नाही. वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध तेवढाच राहतो. भरल्या गाडीने चढावर पाचवा धरून ठेवला, तर इंजिन धापा टाकते आणि शेवटी खाली उतरावेच लागते. समजा, एक गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. तिला १,५०० लिटर लागतील. नव्या पेटीने शेकडा ५ वाचले असे धरले, तरी ते ७५ लिटर होतात. त्यांची किंमत एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला पेटी, क्लच, हाउसिंग, माउंटिंग, लांबी जमत नसल्यास नवा प्रॉपेलर शाफ्ट, मिस्त्रीची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस मांडा. जो रोज लांब आणि मोकळ्या रस्त्याने जातो, त्याला हा सौदा कदाचित परवडेल. जो अर्धापूरहून नांदेडला जाऊन तेथील गर्दीत अडकतो, त्याचा पाचवा गिअर बहुतेक वेळ रिकामाच बसून राहील. जुनी पेटी मोडलीच असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा खर्च तसाही करावयाचाच असतो.

येथे एक सापळा आहे. अनेक गाड्यांत मीटरची केबल गिअरपेटीतून निघते. पेटी बदलली आणि तिच्यातील मीटरचे दाते जमले नाहीत, तर मीटर चुकीचे अंतर दाखवते. मालक म्हणतो, ॲव्हरेज वाढले. वाढलेला असतो मीटरचा आकडा! म्हणून टाकी काठोकाठ भरावी, रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांवरून अंतर मोजावे, आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहावे. कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये, नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. तेव्हा हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

आता चालकाच्या पायाकडे वळू. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था सांगत आली आहे, की ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने मोटार चालवल्यास शेकडा ४० पर्यंत अधिक अंतर मिळू शकते. कारण उघड आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो; ५० वरून ८० वर गेलो, की तो अडीचपट होतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ च्या आरंभी, ताशी ५५ मैलांची मर्यादा कायद्याने घातली, ती याच विचाराने.

दुसरी सवय ब्रेकची. दर ब्रेकला आपण विकत घेतलेला वेग उष्णता करून टाकून देतो. चांगला गाडीवान चढ दिसण्यापूर्वीच बैलांचा अंदाज घेतो. तसे चालकाने पुढचे वळण, पुढची बैलगाडी दुरून पाहून पाय आधीच उचलावा. हाफ क्लचवर पाय ठेवू नये, चाकांत हवा पुरी ठेवावी, आणि गाडी उभी असताना इंजिन उगाच चालू ठेवू नये.

तिसरी गोष्ट आम्ही आर्जवाने सांगतो. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर कधीच बंद करू नका. कन्नडच्या घाटासारख्या उतारावर भरल्या गाडीला गिअरचा आधार सुटला, की सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतो आणि धरेनासा होतो. इंजिन बंद झाले, तर ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. आणि यात बचतही नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला, की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. चार पैशांच्या भ्रमापायी कोणाच्या घरचा कर्ता जाऊ नये.

शेवटी मालकांना एक विनंती. ड्रायव्हरकडे ॲव्हरेज मागावयाचे आणि पहाटेपूर्वी बाजारात पोहोचण्याची ताकीदही द्यावयाची, या दोन्ही गोष्टी एका पायाने होत नाहीत. केळी नाशवंत खरी. म्हणून गाडी भरण्यास दोन तास आधी लागावे. घाई शेतात सुरू होते आणि तिचा दंड टाकीत भरला जातो. तेव्हा एक महिना वही ठेवा: लिटर, अंतर, भार आणि निघण्याची वेळ. जे वाचेल, त्यातला काही वाटा ड्रायव्हरला द्या. त्यानंतरही गिअरपेटी बदलावीशी वाटली, तर अवश्य बदला. निदान तो निर्णय वही पाहून घेतलेला असेल.