बसा सर, सोडतो!

(आकाशवाणीवरील भाषण)



थंडी पडली की ताडकळसच्या रस्त्यांवर सकाळी सकाळी मफलर दिसायला लागतात. दिवाळीचा फराळ अंगावर चढलेला असतो, हरभरा पेरून झालेला असतो, आणि चाळिशीतली मंडळी एकदम नवे बूट घालून तरातरा चालू लागतात. दोघं-तिघं मिळून, राजकारणावर बोलत. संक्रांत होते, ऊन चटकायला लागतं आणि एकेक मफलर गळायला लागतो. शिवरात्रीपर्यंत रस्ता पुन्हा फक्त दूधवाल्यांचा. मी शाळेत खेळाचा तास घेणारा माणूस. हजेरी घ्यायची सवय सुटत नाही, म्हणून हे सगळं नजरेत राहतं.

"का हो, बंद केलं?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वेळच मिळत नाही, सर."

मी याला सबब म्हणणार नाही. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला मृगाच्या आसपास जेवायला सुद्धा फुरसत नसते. परभणीहून अप-डाऊन करणारी शिक्षिका पहाटे उठून घरच्यांचे डबे भरते, स्वतःचा चहा उभ्या उभ्या पिते आणि गाडी गाठते. संध्याकाळी घरी गेली की पुन्हा कणीक. तिला "रोज एक तास स्वतःसाठी काढा" असं सांगणारा माणूस तिच्या घरी कधी राहिलेला नसतो. म्हणून माझं सांगणं थोडं वेगळं आहे. वेळ काढायच्या भानगडीत पडू नका. ज्या कामाची वेळ आधीच ठरलेली आहे, त्या कामाला व्यायाम जोडा. आणि सुरुवात गाडीपासून करा.

गाडी म्हणजे आपली दारातली मोटारसायकल. ती आली आणि शेत जवळ आलं, दवाखाना जवळ आला, हे खरंच आहे. तिला मी नावं ठेवत नाही. पण आता घरापासून पानटपरीपर्यंत गाडी, टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत गाडी, गिरणीपासून समोरच्या किराणा दुकानापर्यंतही गाडीच. पूर्वी दिवसभरात नकळत जे चालणं व्हायचं, ते असं दोन-दोन मिनिटांनी कापलं गेलं. 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरची आकडेवारी आली होती. त्यात भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांच्या अंगाला पुरेशी हालचाल नाही असं दिसलं. हे 2022 चं चित्र. सन 2000 मध्ये हेच प्रमाण सुमारे 22 टक्के होतं. बायकांमध्ये ते पुरुषांहून जास्त, 57 टक्के.

आता चालायचं ठरवलं तर पहिली अडचण कोणती येते? गुडघे? नाही. गाव. बाजारपेठेत पायी निघालात की दहा पावलांवर कुणीतरी गाडी थांबवतो. "बसा सर, सोडतो." नको म्हटलं की त्याला वाईट वाटतं. "गाडी बिघडली का?" मग दुसरा थांबतो. तिसऱ्याला नाही म्हणायची हिंमत राहत नाही आणि आपण मुकाट्यानं मागं बसतो. पायी चालणाऱ्या माणसाची गावाला दया येते. बाईमाणूस असेल तर दयेच्या जागी शंका येते. "काय वहिनी, पायीच? भांडण झालं की काय घरी?" यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. "डॉक्टरनं चालायला सांगितलंय," असं म्हणायचं. या वाक्यापुढं आपल्याकडं कुणी वाद घालत नाही. डॉक्टरनं सांगितलेलं नसलं तरी पुढंमागं तो सांगणारच आहे, तेव्हा हे खोटं बोलणंही म्हणता येत नाही.

ताडकळसच्या बाजाराला आलात तर गाडी एका कडेला लावा आणि सगळी कामं पायी उरका. बँक, औषधाचं दुकान, भाजी, न्हावी. परतताना पिशवी हातात असते, म्हणजे ओझंही उचललं जातं. अप-डाऊन करणाऱ्यांनी शाळेच्या अलीकडं उतरावं. हे फार किरकोळ वाटतं, पण किरकोळ नाही. त्याचा पुरावा लंडनच्या बसमध्ये सापडला.

जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक तपासले. दोघं एकाच बसवर, एकाच खात्यात, जवळपास सारख्याच घरांतून आलेले. फरक इतकाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक तिकिटं फाडत जिना चढ-उतार करणारा. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकार वाहकांमध्ये कमी निघाला, आणि ज्यांना झाला त्यांनाही उशिरा झाला. 1953 साली हे छापून आलं. वाहकांपैकी कुणी व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता, तो तिकीट फाडायला चढत होता. एक गंमत सांगून पुढं जातो. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच 1956 मध्ये चालक-वाहकांच्या गणवेशाच्या पँटची मापं तपासली, तर चालकांची कंबर तरुण वयापासूनच मोठी होती. म्हणजे सगळा दोष बसण्याच्या जागेला देता येईना! शास्त्र असंच स्वतःला टोचत पुढं जातं. नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ गोष्ट मात्र पक्की केली. मॉरिस स्वतः 1910 ते 2009, म्हणजे 99 वर्षं जगले.

किती व्यायाम लागतो? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. आठवड्यात दहा हजार ऐंशी मिनिटं असतात. त्यातली दीडशे म्हणजे एक हिंदी सिनेमा, तोही हप्त्याहप्त्यानं पाहायचा. मध्यम म्हणजे केवढं? चालताना सोबत्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढं. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेला व्यायाम मोजत नसत. 2020 च्या नियमांत ती अट काढून टाकली. चार मिनिटं चाललात तरी ती चार मिनिटं तुमच्या खात्यावर जमा. मोबाइलवर दहा हजार पावलं भरली नाहीत म्हणून हळहळणारे लोक मी पाहतो. तो आकडा एका जपानी कंपनीनं 1965 मध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना प्रचारात आणला. त्याहून कमी पावलांनीही चांगला फायदा होतो, म्हणून आकड्याचं ओझं घेऊ नका.

इथं श्रोत्यांपैकी कुणीतरी म्हणेल, आम्ही शेतकरी माणसं, आमचं कामच व्यायाम. बरोबर आहे. पण शेतकरी कोणता ते पाहावं लागेल. नांगरट ट्रॅक्टर करतो, फवारणी गडी करतो आणि मालक बांधावर गाडीला टेकून फोनवर भाव विचारतो. त्याला हे वाक्य बोलायचा हक्क नाही. जी बाई सकाळपासून सोयाबीन निंदते, कमरेला ओटी बांधून कापूस वेचते, तिला मात्र व्यायामावर भाषण ऐकवणं हे पाप आहे. तिला जेवण हवं, विसावा हवा. तिच्या शरीराची तक्रार हालचाल कमी पडल्याची नाही, एकाच बाजूला वाकल्याची आहे. कमरेवर हात ठेवून तास-दोन तासांनी मागं वाकावं, रात्री निजण्याआधी पालथं पडून हळूच छाती वर उचलावी. एवढ्यानं पाठीला बराच आराम मिळतो.

आता आपल्या गावच्या सप्ताहाकडं या. अखंड हरिनाम सप्ताहात कीर्तनाला पूर्वी सगळे सतरंजीवर मांडी घालून बसत. मागच्या बाजूला दोन-तीन खुर्च्या असायच्या, त्या ऐंशीच्या घरातल्या आजोबांसाठी. आज मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि त्यांत पन्नाशीचेच काय, चाळिशीचेही दिसतात. गुडघे दुखतात, हे कारण. काहींचे खरोखर झिजलेले असतात. पण पुष्कळांच्या गुडघ्यात नाही, मांडीत दम उरलेला नाही. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, हात न टेकता उठणं हे सगळं बंद झालं, आणि जो स्नायू वापरला नाही तो आटत जातो. चाळिशीनंतर तर जास्तच. म्हणूनच चालण्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, असं तीच जागतिक संघटना सांगते. आपल्या तालमीत याला जोर आणि बैठका म्हणतात. त्यासाठी जिमची पावती फाडायची गरज नाही.

घरच्या घरी बघा. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर आडवे. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, धपकन नाही. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला 14 च्या खाली आणि बाईला 12 च्या खाली गेलं तर पायांची ताकद कमी समजतात. तुम्ही पंचेचाळीसचे असाल आणि दहावर धाप लागली, तर विचार करायची वेळ आली. हीच परीक्षा हाच व्यायाम. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करा. मोटार लावून टाकी भरेपर्यंत ओट्याला हात टेकून जोर काढा. शिक्षिका बाईंना वेगळा तास लागत नाही तो असा.

कामात बुडालेल्या माणसांची गोष्ट निघाली म्हणून औंधच्या राजाची आठवण करून देतो. आपला नागनाथाचा औंढा नव्हे, साताऱ्याकडचं औंध. भवानराव पंतप्रतिनिधी तिथले संस्थानिक. राज्यकारभार होताच, शिवाय चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. 1939 मध्ये त्यांनी आपले अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. एवढ्या व्यापात त्यांनी व्यायाम सोडला नाही. तरुणपणी त्यांनी युरोपातल्या सँडो या मल्लाची पद्धत धरली होती. पुढं ती सोडून सूर्यनमस्कारावर आले ते कायमचे, आणि संस्थानच्या शाळांतही ते सुरू केले. 1868 चा जन्म, 1951 ला निधन. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती, आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात. बारा नमस्कारांना सावकाश केले तरी पाच-सहा मिनिटं लागतात. आंघोळीआधी घातले की वेळ आपोआप ठरते. राजाला जमलं म्हणून आपल्याला जमेल असं मी म्हणत नाही, राजाच्या घरी भांडी घासायला माणसं होती. पण त्यानं वेळ ठरवून दिली होती आणि ती मोडली नाही, एवढं घेण्यासारखं आहे.

दोन-तीन गोष्टी सावधगिरीच्या. रस्त्यावर चालताना उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. पहाटे अंधार असतो आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच असं नाही, म्हणून फिकट कपडे घाला. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, पायाची जखम कळत नाही. छातीत दाटलं, डाव्या हाताला कळ गेली, दरदरून घाम आला, तर "गॅस असेल" म्हणून पुढं चालू नका, तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. त्या वेळी मात्र कुणी "बसा, सोडतो" म्हणालं तर लगेच बसा. आणि उन्हाळ्यात, आपल्याकडचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा, चालणं सूर्य उगवायच्या आधी उरका किंवा घरात खुर्चीचा व्यायाम करा. पण बंद करू नका.

सुरुवात करण्याआधी रक्तदाब आणि रक्तातली साखर बघून घ्या. तुमचं वय तीसच्या पुढं असेल तर ही तपासणी आपल्या जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. येत्या आठवड्यात जाऊन या, आणि जाताना गाडी घरी ठेवा.