लगीनसराई आणि मासळी

आम्ही परळी तालुक्यातल्या नागापूरच्या, वाण धरणाकाठच्या मासळी विकणाऱ्या बाया. पावसाळ्यात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली वाढते, उन्हाळ्यात पाणी उतरतं, जाळ्यात मासळी चांगली लागते. आणि नेमकी तेव्हाच लगीनसराई!

गेल्या वैशाखात एका हळदीला आम्ही सगळ्याच गेलो. मासळी टोपल्यात, बर्फाविना राहिली. दुपारी येऊन पाहतो तर कल्ल्यांचा लाल रंग गेलेला, वास सुटलेला. सगळी टाकून दिली. घरची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग गटाच्या बैठकीत ठरवलं. लग्न कुणाकडचंही असो, दोघींनी मागं राहायचं. ज्या घरचं लग्न, तिला सुट्टी. किलोभर मासळीला किलोभर बर्फ. एक थर बर्फाचा, एक मासळीचा, वरून ओलं पोतं. सोमवारी परळीच्या बाजारात थोडीच न्यायची, कारण वैद्यनाथाचा वार, गिऱ्हाईक कमी.

लग्नाला गेलेलीलाही वाटा सारखाच, कारण पुढच्या तिथीला मागं तिनं राहायचं. हिशेब रोज वहीत.

अजून एक. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलंय, बर्फपेटीच्या सायकलीलासुद्धा. पण अर्ज बाईच्या नावानं हवा. धंदा आपण करायचा आणि कागदावर नाव फक्त मालकांचं, असं किती दिवस? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, बायांनो.