आपले कूळ कोणाच्या वहीत?



कामगार संघटनेच्या माणसाने कूळ आणि वंशावळ यांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. वंशावळ म्हणजे सरदार-इनामदारांचा विषय, अशी आपली समजूत आहे. पण युनियनच्या कचेरीत येणाऱ्या माणसांच्या हातातले कागद एकदा पाहावेत. कोणाला वारसाचा दाखला हवा असतो. कोणाला मुलाच्या जातपडताळणीसाठी पणजोबांचे नाव सिद्ध करायचे असते. कोणाची जन्मतारीख नोकरीवर घेताना मुकादमाने तोंडाकडे पाहून टाकलेली असते. इनामदाराला कूळ मिरवण्यापुरते लागते, मजुराला ते पोटासाठी लागते. म्हणून आपल्या आजा-पणजाचे नाव कोणाच्या वहीत सापडेल, हा प्रश्न आम्ही आज घेतला आहे; आणि त्यातही चर्चच्या दप्तरांविषयी विशेष बोलणार आहोत, कारण तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

आधी ओळखीच्या वह्या पाहू. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतो, वही काढतो आणि आपल्या आजोबांनी कोणत्या साली कोणासह येऊन सही-अंगठा केला ते दाखवतो. सरकारदरबारी गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूचे रजिस्टर आहे, कोतवाल बुक आहे, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे. त्यांतली जुनी पाने बहुधा मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारा माणूस शोधणे हेच एक काम होऊन बसते.

पण या वह्यांत कोण नाही, हेही विचारले पाहिजे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. ज्यांना देवाचे दार बंद, त्यांची नावे देवाच्या दारातील वहीत कोठून असणार? सातपुड्यातील भिल्ल-पावरा बांधवांचीही तीच गत. शिवाय आपल्या बहुतेक वंशावळी बापाकडून मुलाकडे धावतात. लेक लग्न होऊन गेली की गळाली, आणि सून आली ती कोणाची लेक, हे कोणी लिहिले नाही. आपल्यापैकी किती जणांना आपल्या मोठ्या मायचे माहेरचे नाव सांगता येईल?

आता चर्चच्या वहीकडे वळू. युरोपात इंग्लंडमध्ये १५३८ साली आणि कॅथलिक पंथात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असा दंडक घातला की, प्रत्येक पाद्रीने आपल्या भागातील बाप्तिस्मे व लग्ने वहीत लिहावीत. गरिबाचा इतिहास राहावा हा त्यामागचा हेतू नव्हता. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये, चोरून लग्ने लागू नयेत, एवढीच दृष्टी होती. पण नियम सर्वांना सारखा असल्यामुळे जमीनदाराच्या खाली त्याच्या गड्याचेही नाव लिहिले गेले. पोर्तुगीजांबरोबर ही पद्धत गोव्यात आली. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात काम केले. आपल्या पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. नवापूरकडे चिंचपाड्याचे मिशन हॉस्पिटल आपणांस ठाऊक आहेच. जेथे मंडळी उभी राहिली, तेथे वही आली.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत साधारणपणे तारीख, नाव, वय, बापाचे नाव, गाव आणि पाद्रीची सही असते, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुष्कळ ठिकाणी आईचे नावही असते. कॅथलिक चर्चमध्ये आणखी एक सोय आहे. माणसाचे लग्न पुढे कोठेही लागले तरी ते बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी समासात टिपून ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे एका ओळीवरून माणूस पुढे कोठे गेला त्याचा माग लागतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नाच्या नोंदीची प्रत सरकारच्या निबंधकाकडेही जाते. चर्चमधील वही वाळवीने खाल्ली तरी सारे संपले असे समजू नये.

ही वही माणसाला काय देऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिकचे आहे. तेथे शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टनच्या चाकरीत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्या मंडळींत तो होता आणि १८७४ साली लंडनच्या अंत्यविधीलाही तो हजर होता. वेनराइट हे नाव त्याच्या बापाचे नव्हे. ते त्याला मिशनमध्ये मिळाले. ज्याचे कूळ गुलामांच्या व्यापाऱ्याने तोडले, त्याची कुळकथा मिशनच्या दप्तरापासून सुरू होते. छपन्याच्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयांत पोचलेल्या कितीतरी पोरांची हीच कथा आहे. त्याआधीचे पान कोरे आहे, आणि ते कोरे का आहे, हाही इतिहासच आहे.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत यूटा प्रांतात सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथाचे चर्च आहे. मेलेल्या पूर्वजांनाही बाप्तिस्म्याचा लाभ देता येतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. पण त्यासाठी पूर्वजांची नावे ठाऊक हवीत. म्हणून त्यांनी १८९४ साली वंशावळ मंडळ काढले आणि १९३८ पासून देशोदेशींच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण सुरू केले. फिती ठेवण्यासाठी डोंगराचा ग्रॅनाइट फोडून कोठार बांधले. अशा सुमारे चोवीस लाख फितींचे संगणकीकरण २०२१ साली पुरे झाले. त्यांच्या फॅमिलीसर्च या संस्थेमार्फत हा साठा मोफत पाहता येतो. काही भाग मात्र त्यांच्या केंद्रातच पाहावा लागतो. गंमत अशी की, त्यात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे आहेत. हिंदूंच्या श्राद्धाची वही अमेरिकेतल्या चर्चच्या साठ्यात जपली गेली!

तेव्हा बंधुहो, प्रत्येक वहीचा हेतू ओळखावा. उपाध्याय यजमानासाठी लिहितो, तलाठी साऱ्यासाठी, पाद्री संस्कारासाठी, मॉर्मन मेलेल्यांच्या मुक्तीसाठी. तुमच्या-आमच्या हक्कासाठी यांतले कोणीच लिहीत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू कळला म्हणजे त्याने काय टिपले असेल आणि काय गाळले असेल, याचाही अंदाज येतो. मुंबई इलाख्यातील चर्चची विवरणे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण त्यांत मुख्यतः गोऱ्यांची नावे आहेत. देवापुढे सर्व समान असले तरी सरकारी दप्तरात तसे नव्हते.

आणि नोंद दुधारी असते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जातपडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या कागदाला महत्त्व आहे. चर्चची जुनी नोंद तेथे उपयोगी पडू शकते. परंतु अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधव त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे आजोबांच्या नावाची तीच ओळ एका घराला आधार देते आणि दुसऱ्या घराला तिची धास्ती वाटते. आजा एकच, त्याची गरिबी एकच, गावकुसाबाहेरचे घरही एकच; मग देव बदलला म्हणून गावाने त्याला गावकुसाच्या आत घेतले होते काय? हा प्रश्न दप्तराचा नाही, न्यायाचा आहे. तो लढूनच सोडवावा लागेल. तोवर भीतीने वह्या दडवण्यात किंवा फाडण्यात कोणाचेही हित नाही.

शोध कसा करावा, तेही थोडक्यात सांगतो. घरातील सर्वांत वृद्ध माणसापासून, त्यातही वृद्ध बाईपासून, आरंभ करावा. गाव, दुष्काळ, साथ, पूर यांवरून साल ठरवावे. कोणते मिशन, कोणता पाद्री, हे विचारून मग चर्चमध्ये जावे. ती वही खासगी दप्तर आहे. अर्ज करून, अदबीने, परवानगी घेऊन पाहावी. बाप्तिस्म्यात नाव बदलते, आडनावाच्या जागी गावाचे नाव येते, परक्या कानाने ऐकलेल्या नावाची अक्षरे वाकडी पडतात; म्हणून नाव जुळले नाही तरी बाप, गाव आणि वय ताडून पाहावे. एका नोंदीवर विसंबू नये. शाळेच्या किंवा कोतवालाच्या नोंदीशी ती जोडावी. सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी. नात्याविषयी वाद उत्पन्न होण्यापूर्वी लिहिलेल्या मजकुराला कायदा वजन देतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. एका कामगाराला तो म्हातारा झाला म्हणून दोन वर्षे आधी घरी बसवण्याचा घाट घातला होता. त्याच्या बाप्तिस्म्याची एक ओळ आणि शाळेचा एक उतारा, एवढ्यावर त्याने आपली दोन वर्षे परत मिळवली. दोन वर्षांचा पगार म्हणजे त्याच्या घरी एका मुलीचे शिक्षण होते.

शेवटी एकच मागणे आहे. दुसऱ्याच्या वहीत आपले नाव शोधत किती पिढ्या फिरायचे? या नरडाण्यात आग्रा रोडने आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने माणसे येतात-जातात, कारखान्यांत राबतात, गावोगावी पांगतात. त्यांच्या नातवंडांना उद्या हाच शोध पडणार आहे. प्रत्येक घराने शंभर पानांची एक वही घालावी. त्यात बापाबरोबर आईचे, तिच्या माहेरचे, जन्मलेल्या व दगावलेल्या लेकराचे, कोणत्या साली कोठे काम केले त्याचे लिहावे. तारीख घालावी, दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी गावातल्या शिकलेल्या पोरांनी लिहावे. पाद्रीने आपल्या कामासाठी जे नेमाने केले, ते आपण आपल्या हक्कासाठी नेमाने करू या.