खिशातील तबकडी

श्रोतेहो, आज मी आपणांपुढे एका यंत्राविषयी चार शब्द बोलणार आहे. ते आता कोणत्याही दुकानी नवे मिळावयाचे नाही. कारण ते करणाऱ्या ॲपल कंपनीने ९ सप्टेंबर २०१४ रोजी त्याची विक्री बंद केली. त्याचे नाव आयपॉड क्लासिक. मी काही यंत्रविद्येतला माणूस नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि ३६ वर्षे मुलांना त्रैराशिक व शुद्धलेखन शिकविले, एवढीच माझी विद्या. परंतु हे यंत्र आमच्या घरात सात वर्षे नांदले, आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला दुसऱ्या कोणाकडून कळली नसती. म्हणून हे धाडस.

आमच्या लहानपणी ज्यांच्या घरी ग्रामोफोन असे, त्यांच्या घरी तबकड्यांचे कपाटही असे. एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे. ते संपले की उठून तबकडी उलटावयाची. आता हिशेब करा. क्लासिकच्या सर्वांत मोठ्या प्रकारात ४०,००० गाणी मावतात, असे कंपनी सांगत असे. दोन्ही बाजू धरल्या तरी त्या २०,००० तबकड्या झाल्या. तेवढ्या ठेवावयास आमच्या शाळेची एक खोली रिकामी करावी लागली असती. आणि येथे सारा प्रकार सदऱ्याच्या खिशात!

मौज अशी की, त्या डबीच्या पोटातही तबकडीच होती. तिला हार्ड डिस्क म्हणतात. काचेची किंवा धातूची चकती, तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा लेप, आणि त्या लेपावरील खुणा वाचणारे एक इवलेसे डोके. हे डोके चकतीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर ते तरंगत असते. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशा जातीचे पहिले यंत्र काढले, तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. २००१ साली जपानच्या तोशिबा कंपनीने १.८ इंची चकती तयार केली. तिच्यात त्याच्या हजारपटीचा ऐवज राहू लागला. पण एवढ्याशा वस्तूचे करावयाचे काय, हे तिच्या जनकांनाच उमगेना. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ॲपलचे जॉन रुबिन्स्टाईन जपानात गेले असता ती चकती त्यांच्या दृष्टीस पडली, आणि तिचे काय करावयाचे ते त्यांना तत्काळ समजले. टोनी फॅडेल या तंत्रज्ञाच्या हाती काम सोपविले गेले आणि २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड जगापुढे आला. किंमत ३९९ डॉलर. गाणी सुमारे १,०००. असे यंत्र करणारे ते काही पहिले नव्हेत. १९९९ मध्ये पर्सनल ज्यूकबॉक्स नावाचे एक यंत्र निघाले होते, पण त्यात याहून मोठी चकती असल्याने ते खिशात सुखाने राहण्याजोगे नव्हते.

चकती सारखी फिरत राहिली तर बॅटरी लवकर संपावयाची, आणि चालताना धक्का बसला तर गाणे अडखळावयाचे. यावरील तोड फार सुंदर होती. चकती थोडा वेळ फिरे, पुढील वीसएक मिनिटांची गाणी एका लहानशा स्मृतिकोशात ओतून देई, आणि स्वस्थ झोपी जाई. गाणे त्या कोशातून चाले. घरातील जाणती बाई पहाटे उठून दिवसाचे पाणी भरून ठेवते, तसाच हा संसार. डबी कानाशी धरली तर मधूनच ती चकती जागी झाल्याची बारीक कुजबूज ऐकू येई. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. इतक्या बारीक खुणा वाचता येऊ लागल्या, त्यामागे फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्र्युनबर्ग यांनी १९८८ साली स्वतंत्रपणे लावलेला शोध आहे. २००७ च्या सप्टेंबरात क्लासिक हे नाव धारण केलेला आयपॉड बाजारात आला, आणि पुढच्याच महिन्यात या दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

आमच्या साताऱ्याच्या घरी तो आला २०१० साली. आमचा भाचा कॅलिफोर्नियात नोकरीस. तो सुटीवर आला तेव्हा माझ्या मातोश्रींसाठी घेऊन आला. आईला तेव्हा ७८ वे वर्ष होते. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. रेडिओचा काटाही तिला दिसत नसे. मला वाटले, या वयात हे खेळणे कशाला? परंतु त्या डबीवर एक वाटोळे चाक होते. चाक म्हणावयाचे एवढेच. ते फिरत नसे, त्यावरून बोट फिरवावयाचे. आणि बोट फिरले की यादीतील प्रत्येक नावाला टिक् असा बारीक आवाज होई. आईने दोन दिवसांत ते टिक् मोजून पाठ केले. ज्ञानेश्वरांचे अभंग पहिल्या टिकेला, तुकोबांचे दुसऱ्या, नाट्यसंगीत पाचव्या. तिला पडद्याची गरजच उरली नाही. आजच्या गुळगुळीत काचेच्या फोनांनी म्हाताऱ्या माणसांची केवढी गैरसोय केली आहे, हे त्या काचा घडविणाऱ्यांस कोणीतरी सांगावयास हवे.

अभंग मी निवडून दिले होते. बाकीचे भाच्याने आपल्या मर्जीने भरले, त्यात यादीच्या अगदी शेवटी, अकराव्या टिकेला, सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या होत्या. मी त्यास म्हटलेही, ‘‘अरे, आजीला हे कशाला?’’ आमच्या घरी लावणी कधी वाजली नव्हती. वडिलांचा तसा दंडकच होता, आणि आईचे त्यावर काही मत असेल हे आम्हा भावंडांच्या मनातही आले नव्हते. भाचा म्हणाला, ‘‘राहू द्या हो मामा, जागा पुष्कळ आहे.’’

पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहेच. फोनच गाणी वाजवू लागले. आणि गाणी जवळ ठेवावयाची, हा विचारच मागे पडला. लागेल तेव्हा तारायंत्राप्रमाणे दूरवरून मागवावयाची, अशी रीत आली. क्लासिक बंद झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी कारण दिले की, त्याचे सुटे भाग आता जगात कोठेच मिळेनात. म्हणजे त्या लहानग्या चकतीवाचून तो अडला. आयपॉड नावाचे अखेरचे यंत्रही २०२२ च्या मे महिन्यात बंद झाले. पण त्यात चकती नव्हतीच.

आई २०१७ साली गेली. दिवसकार्य आटोपल्यावर भाच्याने ती डबी संगणकाला जोडली, गाण्यांची एक प्रत ठेवावी म्हणून. तेव्हा मला कळले की, हे यंत्र प्रत्येक गाणे किती वेळा वाजले याचा आकडा टिपून ठेवते. आणि गाणे शेवटपर्यंत वाजले, तरच तो आकडा एकाने वाढतो. मी निवडलेल्या अभंगांपुढे ४०, ५२, ३७ असे आकडे होते. अकराव्या टिकेवरील एका लावणीपुढे आकडा होता ६१८.

भाचा हसला. मला हसू आले नाही, रागही आला नाही. दुपारी जेवणे झाल्यावर आई इअरफोन घालून, भिंतीकडे तोंड करून पडत असे, आणि आम्ही म्हणत असू, आईचे नामस्मरण चालले आहे, गलबला करू नका. पंचेचाळीस वर्षे ज्या घरात ती राहिली, त्या घरात तिला हे गाणे ऐकावयाचे होते आणि तिने ते मागितले नाही. आंधळ्या बोटाने अकरा टिक् मोजून ती तेथवर जात होती. चुकून गेली असेल, असे ६१८ वेळा म्हणता येत नाही.

ती डबी आजही चालते. काही हौशी लोक जुनी चकती काढून तीत चकतीवाचूनची नवी स्मृती बसवितात; भाचा मला तसे करण्याचा आग्रह करीत असतो, आणि चकती कधीतरी थांबणार हेही मला समजते. महिन्यातून एकदा मी ती काढतो, भारित करतो, अकरा टिक् मोजतो आणि ती लावणी लावतो. मात्र गाणे संपावयास आले की, मी ते थांबवितो. आकडा ६१८ च आहे.