शाळा, गुरू आणि अप्सरा : ख्मेर कलापरंपरेची साठवण
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



कंबोडियातील ख्मेर भाषेत शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात आणि शाळेला ‘साला’. पहिला शब्द ‘गुरू’चे रूप, दुसरा ‘शाला’चे. तेथील मंगळवाराच्या नावात ‘अंगारक’ आहे, म्हणजे अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्या मराठी घराला तो वार परका वाटू नये. ‘अंगकोर’ हे जगप्रसिद्ध नावदेखील ‘नगर’ या शब्दापासूनच आले. शब्दांचे हे नाते गोड आहे. परंतु त्यावरून ख्मेर संस्कृती ही भारताची केवळ सावली होती, असे अनुमान काढणे अन्यायाचे ठरेल.

ख्मेर लोकांची स्वतःची उत्पत्तिकथा या बाबतीत फार बोलकी आहे. समुद्रापलीकडून एक राजपुत्र आला आणि त्याने नागराजाच्या कन्येशी विवाह केला. नागराजाने भूमीवरचे पाणी पिऊन टाकले आणि उघडी पडलेली भूमी कन्येला आंदण दिली. तोच कंबुज देश. आजही पारंपरिक ख्मेर विवाहात वर हा वधूच्या वस्त्राचा पदर धरून तिच्यामागून चालतो. बाहेरून आलेल्याने या भूमीचा पदर धरून आत यावे, असा या कथेचा आशय आहे. दक्षिण भारतातील पल्लवांची लिपी तेथे गेली आणि ख्मेर भाषेची झाली. त्या भाषेतील तारीख असलेला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख इ. स. ६११ मधील आहे. मेकाँगच्या काठी सांबोर येथे सापडलेल्या दुसऱ्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हे वर्ष कोरलेले असून त्यातील शून्य एका टिंबाने दाखवले आहे. जगातील अत्यंत प्राचीन लिखित शून्यांपैकी ते एक होय. ज्या शककालगणनेने मराठी पंचांग आजही चालते, तीच त्या दूरच्या शिळेवर वर्ष मोजत होती.

इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर स्वतःला चक्रवर्ती म्हणून प्रतिष्ठित केले आणि अंगकोरचे युग सुरू झाले. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी अंगकोर वाट उभारले. त्याच शतकाच्या अखेरीस बौद्धमतानुयायी सातव्या जयवर्म्याने बायोनचे प्रशांत पाषाणमुख घडवले. या राजाच्या ता प्रोह्म येथील ११८६ च्या शिलालेखात राज्यातील १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे आणि त्या एका मंदिराच्या सेवेत असलेल्या ६१५ नर्तकींचाही. राजाने दगडाबरोबर देहालाही कलेचे अधिष्ठान मानले होते, हे या नोंदीवरून दिसते. अंगकोर वाटच्या भिंतींवरील शेकडो अप्सरांपुढे मग मन अधिक काळ रेंगाळते, कारण त्यांच्या हातांची ठेवण ज्यांनी जगून दाखवली, त्या स्त्रिया याच परिसरात वावरत होत्या.

ख्मेर अभिजात नृत्याची भाषा हस्तमुद्रांची आहे. या मुद्रांना ‘क्बाच’ म्हणतात. अंकुर फुटणे, पान उलगडणे, फूल उमलणे, फळ धरणे आणि बी पुन्हा मातीत पडणे, अशा वनस्पतीच्या जीवनक्रमातून त्यांचा अर्थ उलगडतो. बोटे मागे वळावीत म्हणून कोवळ्या वयापासून ती रोज दाबून वळवली जातात. नायिका, नायक, राक्षस आणि वानर असे पात्रांचे चार वर्ग असून मुलीची अंगलट पाहून गुरू तिचा वर्ग ठरवतात. ‘रामकेर’ या ख्मेर रामकथेतील रामही बहुधा स्त्रीच साकारते. प्रयोगापूर्वी भरजरी वस्त्रे नर्तकीच्या अंगावरच शिवली जातात. गुरुवारी गुरुपूजन होते आणि त्या पूजेत हयात गुरूंसह दिवंगत गुरूंनाही वंदन असते. या विद्येचे मुख्य भांडार लिखित ग्रंथात नसून एका देहाने दुसऱ्या देहाला दिलेल्या स्मरणात आहे.

१९०६ मध्ये राजा सिसोवात याच्याबरोबर या नर्तकी फ्रान्सला गेल्या, तेव्हा शिल्पकार रोदँ त्यांच्या मागोमाग मार्सेलिसपर्यंत गेला आणि त्याने त्यांची सुमारे दीडशे रेखाटने केली. पुढे राणी कोसोमाकने मंदिरभित्तीवरील अप्सरांना रंगमंचावर आणणारे नृत्य सिद्ध करवले आणि तिची नात राजकन्या बोपा देवी हिने ते जगापुढे नेले. ‘बोपा’ म्हणजे पाली ‘पुप्फा’, मराठीत पुष्पा.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सैन्य नॉम पेन्ह नगरात शिरले. शहरे रिकामी करण्यात आली, चलन रद्द झाले, शाळा बंद पडल्या. जानेवारी १९७९ पर्यंतच्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार, अतिश्रम आणि हत्या यांनी सुमारे १५ ते २० लाख माणसे दगावली. शिक्षक, भिक्षू आणि कलावंत यांच्यावर विशेष रोख होता. राजधानीतील तुओल स्लेंग येथील एका माध्यमिक शाळेच्या वर्गखोल्यांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या गेल्या. तेथे आलेल्या हजारो कैद्यांपैकी मोजकेच वाचले. वान नाथ हा चित्रकार त्यांपैकी एक; नेत्याची चित्रे काढता येत होती म्हणून त्याला जिवंत ठेवण्यात आले. शाळेच्या हीरक महोत्सवात हा उल्लेख कटू वाटेल. परंतु विद्येचा द्वेष करणारी सत्ता सर्वप्रथम वर्गखोलीचे काय करते, हे मुलांनी जाणून असणे आवश्यक आहे.

चिआ सामी ही लहानपणीच राजवाड्यात दाखल झालेली नामवंत नर्तकी. सामुदायिक भोजनगृहात टांगलेल्या सर्वोच्च नेत्याच्या तसबिरीत तिला स्वतःच्या दिराचा चेहरा दिसला. पोल पॉट म्हणजे तिच्या पतीचा धाकटा भाऊ सालोथ सार, जो बालपणी तिच्याच घरी राहिला होता. या नात्याने तिचे कष्ट टळले नाहीत. ती तगली आणि सत्ता कोसळल्यावर पुन्हा शिकवू लागली.

त्या वेळी काय शिल्लक होते? कलावंतांपैकी दहातला जेमतेम एक वाचला, असे सांगितले जाते. वस्त्रे, मुखवटे, वाद्ये नाहीशी झाली होती. नाट्यकर्मी चेंग फॉन, जे १९८० च्या दशकात संस्कृतिमंत्री झाले, त्यांनी विखुरलेल्या कलावंतांना एकत्र केले. संपूर्ण नृत्य एकीला आठवत नसे. एकीला पूर्वार्ध, दुसरीला गीत, तिसरीला केवळ एखादी वळणदार हालचाल. या तुकड्यांच्या सांध्यातून रचना पुन्हा उभी राहिली. नव्या विद्यार्थ्यांत आईवडील गमावलेली मुले पुष्कळ होती. थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांतही नृत्यवर्ग भरू लागले. अन्न अपुरे असताना नृत्य कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या वृद्ध गुरूंनी कृतीने दिले. त्यांच्याबरोबर विद्या गेली असती तर ती परत आणण्याचा मार्ग उरला नसता. धान्य पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. गुरूच्या देहातील स्मरणाला दुसरा हंगाम नसतो.

२००३ मध्ये युनेस्कोने या राजनृत्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. २००५ मध्ये ‘स्बेक थोम’ या चर्मछायानाट्यालाही तो मान मिळाला. तरीही संकट सरलेले नाही. पुरेसा निधी आणि योग्य रंगमंच दुर्लभ आहेत. पर्यटकांच्या भोजनासमयी चालणारी आटोपशीर नृत्ये पैसा देतात. पण तेवढ्यावर दीर्घ शिक्षण टिकत नाही. शत्रूने न संपवलेली विद्या उपेक्षेने आटू शकते.

अंगकोर वाटची शिल्पे शतकानुशतकांचा पाऊस आणि अरण्याचा वेढा सोसून उभी आहेत. नृत्याची परंपरा मात्र चार वर्षांपेक्षाही कमी काळात तुटण्याच्या बेतास आली आणि मूठभर शिक्षिकांमुळे तगली. भाषेचेही असेच असते. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ग्रंथालयातील ग्रंथ भाषेचा पाषाण जपतात. तिचा उच्चार, तिची लकब आणि तिचा विनोद वर्गातच एका मुखातून दुसऱ्या कानात जातो. साठ वर्षे ज्या शिक्षकांनी हे काम कोणत्याही शिलालेखाची अपेक्षा न ठेवता केले, त्यांच्यासाठी ख्मेर नर्तकींचे गुरुपूजन हाच यथोचित नमस्कार ठरेल : जे समोर आहेत त्यांना, आणि जे आता नाहीत त्यांनाही.